ठिगळाखालचा तडा

या ईदला भाचा घरी आला तेव्हा आम्हाला आधी आनंदच झाला. तीन वर्षांत त्याला ईदची सुट्टी मिळाली नव्हती. विमान दुरुस्तीच्या कामात सणवार नसतो, हे आता आपालाही पाठ झालं आहे. पण ईद होऊन आठवडा गेला, पाहुणे आपापल्या गावी परतले, शीरखुर्म्याची पातेली घासून माळ्यावर गेली, तरी याची बॅग काही भरेना. विचारलं की म्हणायचा, "बघू मामू, दोन दिवसांत फोन येईल."

फोन आला नाही. आपा आली. ओटीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. पोराला कामावरून "सध्या घरी बसा" असं सांगितलं होतं. कारण काय, तर एका कागदावर त्याने सही केली नाही.

दुल्हाभाई कुवैतला असतात. त्यांचं म्हणणं फोनवरूनच अंगणापर्यंत ऐकू येत होतं. सगळे करतात, तू पण कर. मोठे साहेब जबाबदार आहेत. धाकटीचं लग्न डिसेंबरात आहे, हे विसरलास का? आपाचंही तेच मत होतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी आमचंही. आम्ही दोघं एकाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, एकाकडे उर्दू-मराठी, दुसऱ्याकडे गणित. सरकारी कागदांवर सह्या करण्यात आमची वीस वर्षं गेली आहेत. एका सहीसाठी नोकरी पणाला लावायची, हे आम्हाला पोरकटपणाचं वाटलं.

रात्री लाइट गेली होती. अब्बा आत झोपले होते. आम्ही ओटीवर चटई टाकून बसलो आणि म्हटलं, बाबा, आम्हाला समजेल असं एकदा सांग. काय होतं त्या कागदात?

त्याने घटक चाचणीच्या उरलेल्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे एक लांबट नळा काढला. हे विमान. त्याच्या पाठीवर एक छोटा उंचवटा काढला. म्हणाला, ही प्रवाशांना इंटरनेट मिळावं म्हणून बसवलेली अँटेना. विमान कारखान्यातून निघालं तेव्हा ती नव्हती, नंतर बसवली. बसवायची तर वरच्या पत्र्याला भोकं पाडावी लागतात, वायर आत घ्यावी लागते. भोकं पाडली की पत्रा कमजोर होतो, म्हणून आतून-बाहेरून जाड पत्र्याचं ठिगळ रिव्हेटने ठोकतात. मग दरवाजाजवळ एक चौकोन काढला. हे दुसरं ठिगळ. कधीतरी सामानाची गाडी धडकून पत्रा चेपला असेल, त्याची दुरुस्ती. विमान परदेशातून भाड्याने आलं होतं आणि याचं काम होतं जुनी कागदपत्रं तपासण्याचं. प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक बदल कुठे आहे, कोणी मंजूर केला आणि तिथे पुढची तपासणी किती उड्डाणांनी करायची, असा एक तक्ता असतो. या दोन ठिगळांच्या पुढे शेवटचा रकाना कोरा होता. त्याला सांगण्यात आलं की "वेगळ्या तपासणीची गरज नाही" असं लिहून सही कर. वरिष्ठांचा मुद्दा साधा होता. विमान त्या ठिगळांसकट सहा वर्षं उडतंय, काही झालेलं नाही.

"बरोबरच आहे की," आम्ही म्हणालो.

तो हसला. म्हणाला, "मामी, तार वाकवून तोडता ना तुम्ही? पहिल्या वीस वेळा वाकवलीत आणि तुटली नाही, म्हणजे एकविसाव्या वेळी तुटणार नाही असं होतं का?"

इथून पुढे त्याने जे सांगितलं ते आम्ही आमच्या भाषेत मांडतो. काही चुकलं असेल तर तो आमच्या समजुतीचा दोष.

विमान वर गेलं की बाहेरची हवा विरळ होते, म्हणून आत हवा भरून ठेवावी लागते. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचा नळा फुग्यासारखा थोडा फुगतो आणि खाली उतरला की पुन्हा बसतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पत्रा प्रत्येक वेळी ताणला जातो. म्हणून विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही, उड्डाणांत मोजावं लागतं. पत्र्याला भोक असेल तर ताण भोकाच्या कडेला गोळा होतो. तडा सुरू होतो तो तिथेच.

आम्हाला वाटायचं की इंजिनिअर लोक विमान असं बनवत असतील की तडा जाणारच नाही. हा म्हणाला, उलट आहे. तडा आहेच असं धरून गणित सुरू होतं. भोक पाडताना कुणाच्या हातून तरी कडेला एक बारीक खोट राहिली, साधारण सव्वा मिलिमीटरची, असं मानायचं. मग ती प्रत्येक उड्डाणात किती वाढेल ते काढायचं. सुरुवातीला ती फार हळू वाढते, हजारो उड्डाणं जातात. पुढे पुढे वेग वाढतो आणि शेवटी एक लांबी अशी येते की तिच्या पलीकडे तो भाग मोठ्यात मोठा अपेक्षित भार पेलू शकत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी तडा तपासणीत सापडेल एवढा मोठा होतो. सापडण्याजोगा झाल्यापासून धोक्याच्या लांबीपर्यंत जेवढी उड्डाणं, तेवढीच मुदत माणसाच्या हातात असते. ती मुदत निदान दोनने भागायची. म्हणजे एका तपासणीत नजर चुकली तरी दुसरी संधी मिळते.

गणिताच्या मास्तरांना राहवलं नाही. समजा, ही मुदत बारा हजार उड्डाणांची आहे. अर्धे सहा हजार. विमान दिवसाला सहा फेऱ्या करत असेल तर हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. "हे झालं चांगल्या यंत्राने तपासलं तर," भाचा म्हणाला. विजेच्या प्रवाहाने पत्र्याच्या आतला बारीक तडा हुडकणारं यंत्र असतं, त्याला एडी करंट म्हणतात. पण नुसत्या डोळ्यांनी बघायचं असेल तर तडा ठिगळाच्या बाहेर डोकावेपर्यंत दिसणारच नाही. तोवर मुदतीतली बहुतेक उड्डाणं संपलेली असतात. समजा दोन हजारच उरली, तर दर हजार उड्डाणांनी, म्हणजे साडेपाच महिन्यांनी बघावं लागेल. ठिगळ तेच आणि तडाही तोच, पण कसा बघणार यावर कधी बघायचं ते ठरतं. त्या कोऱ्या रकान्यात हाच आकडा हवा होता.

"पण जाड पत्रा लावलाय ना वरून? मग ते जास्त मजबूत नाही का झालं?"

याचं उत्तर आपाने दिलं. ती इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसली होती. तीस वर्षं शिवणकाम केलंय तिने. म्हणाली, "जुन्या कपड्याला नवं जाड ठिगळ लावलं की ठिगळ फाटत नाही. त्याच्या कडेचं जुनं कापड फाटतं."

भाचा आईकडे बघतच राहिला. म्हणाला, अम्मी, हे समजावून द्यायला आमच्या सरांना अख्खा तास लागला होता. जाड ठिगळ आजूबाजूचा ताण स्वतःकडे ओढून घेतं आणि तो आत शिरतो कडेच्या पहिल्या रिव्हेटच्या रांगेतून. तडा जातो तो मूळ पत्र्याला, त्या रांगेत, आणि बरेचदा ठिगळाच्या खाली, बाहेरून दिसणार नाही असा. विमान बनवणाऱ्या कंपनीने मूळ पत्र्यासाठी जे तपासणीचे आकडे दिलेले असतात ते अशा जागी लागू पडत नाहीत. बदल ज्याने केला त्याने नवं गणित करून द्यायचं असतं.

त्याने मग तीन-चार अपघात सांगितले. त्यातला पहिला आम्ही कधी ऐकलाही नव्हता. १४ मे १९७७. झांबियातल्या लुसाका विमानतळावर एक मालवाहू बोइंग ७०७ उतरत होतं. धावपट्टी थोड्या अंतरावर असताना शेपटीचा उजवा आडवा पंख तुटून पडला आणि विमान नाक खाली करून कोसळलं. आतले सहाही जण गेले. गंमत म्हणावी तर, हा पंख सुरक्षित मानला गेला होता. एक भाग मोडला तर शेजारचा भाग भार सांभाळेल, अशी त्याची रचना होती. पण ती खात्री आधीच्या मॉडेलच्या पंखाबद्दल होती. पुढच्या मॉडेलमध्ये पंख मोठा केला, वरच्या बाजूला स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरून तो जास्त ताठ केला, आणि हा बदल झाल्यावर नव्या पंखाची तडा जाण्याची चाचणी पुन्हा घेतली नाही. अपघातानंतर जगभरातली तशा पंखाची ५२१ विमानं तपासली, त्यातल्या ३८ विमानांत त्याच जागी तडे सापडले. ती सगळी रोज उडत होती. "सहा वर्षं काही झालं नाही" असं त्यांच्याबद्दलही कुणी म्हणू शकलं असतं. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेने नियम बदलला. शेजारचा भाग सांभाळेल एवढ्यावर विसंबू नका, तडा धरून गणित करा आणि केव्हा बघायचं ते लिहून द्या, असा त्याचा अर्थ.

जपानचा अपघात बऱ्याच वाचकांना आठवत असेल. १२ ऑगस्ट १९८५, टोकियोहून ओसाकाला निघालेलं जंबो जेट, ५२४ माणसं, त्यातली चार वाचली. या विमानाची शेपटी सात वर्षांपूर्वी, जून १९७८ मध्ये, ओसाकाला उतरताना जमिनीला घासली होती. मागच्या बाजूला हवेचा दाब अडवणारी घुमटासारखी भिंत असते, तिची दुरुस्ती करताना जोडपट्टी एकसंध घालायची होती. ती दोन तुकड्यांत घातली गेली. त्यामुळे जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार घ्यायचा तिथे एकाच रांगेवर आला. त्यानंतर विमानाने सुमारे १२,३०० उड्डाणं केली. मधल्या काळात तपासण्या झाल्याच, पण मूळ आराखड्याप्रमाणे. चुकीच्या जोडामुळे तिथे तडे वाढत आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि तैवानचं. हे ऐकताना आपाने कानांवर हात ठेवले. चायना एअरलाइन्सचं जंबो ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगला उतरताना शेपटीवर घासलं. पत्र्यावर ओरखडे उठले. नियम असा की ओरखडे ठराविक मर्यादेत असतील तर घासून पूर्ण गुळगुळीत करायचे, नाहीतर पत्राच बदलायचा. इथे ओरखडे तसेच ठेवून वरून ठिगळ मारलं, आणि तेही सगळे ओरखडे पुरेसे झाकेल एवढं मोठं नव्हतं. बावीस वर्षं विमान उडत राहिलं. २५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाताना ते समुद्रावर, पेंगहू बेटांजवळ, हवेतच फुटलं. २२५ माणसं गेली. ठिगळाखालचा तडा तोवर सत्तर इंचांहून लांब झाला होता.

पण खरी हळहळ पुढे आहे. जुन्या विमानांवरच्या ठिगळांची नव्याने पाहणी करायचा कार्यक्रम त्या वेळी सुरू झालेला होता. या विमानाचीही पाहणी २२,००० उड्डाणांपर्यंत व्हायची होती. अपघात झाला तेव्हा उड्डाणं एकवीस हजारांच्या पुढे गेलेली होती. नोव्हेंबर २००१ मध्ये त्या ठिगळाचे फोटोही काढले होते. फोटोत ठिगळाच्या कडेला डाग दिसतात, आतून काहीतरी झिरपत असल्यासारखे. फोटो काढणाऱ्याने काढले. फाइलमध्ये गेले.

आम्ही बराच वेळ कुणी बोललो नाही. लाइट आली, पंखा फिरायला लागला. अब्बा आतून खाकरले. त्यांना काय ऐकू येतं आणि काय नाही, हे आम्हाला कधीच कळत नाही. म्हणाले, "सही नको करू."

भाच्याने नंतर सांगितलं की २००७ मध्ये अमेरिकेने खास नियम केला, दुरुस्त्यांना आणि नंतर केलेल्या बदलांनाही हे गणित लागू करणारा. म्हणजे लुसाकानंतर तीस वर्षांनी. नियम उशिरा येतात, हा आमचाही अनुभव आहे. पण आले की ते कोऱ्या रकान्याच्या रूपाने कुणाच्या तरी टेबलावर येतात, आणि मग तो माणूस आपला भाचा असतो.

दुसऱ्या दिवशी तो सहज शाळेत आला. आमची शाळा चाळीस वर्षांची, एकमजली, वर गच्ची. दोन वर्गांमधली भिंत काढून आम्ही हॉल केला आहे, त्यालाही नऊ-दहा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी गल्फमधल्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे पाठवले आणि गच्चीवर पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या बसल्या. मुलांना पाणी मिळायला लागलं, सगळ्यांना समाधान वाटलं. भाच्याने हॉलमध्ये उभं राहून छताकडे बघितलं आणि विचारलं, "टाक्या कुठे आहेत?"

बरोबर डोक्यावर होत्या.

दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, आणि खाली जिथे भिंत होती तिथे आता भिंत नाही. दोन्ही बदल वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या समितीने केले. दोन्हींचे ठराव आहेत. तुळईवर एक भेग आहे, ती गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी पुट्टी भरून रंगवली. रंगवायला माणूस आम्हीच आणला होता. आणि दर जूनमध्ये "शाळेची इमारत सुरक्षित आहे" हा फॉर्म जातो, त्यावर सुरक्षा समितीचे सदस्य म्हणून आम्हा दोघांच्याही सह्या असतात. टाक्या बसल्यापासून चार वेळा केल्या. एकदाही मान वर करून बघितलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण गाळून टाकलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

भाच्याने आम्हाला काही सुनावलं नाही. उलट म्हणाला, "मामू, मला इमारतीतलं कळत नाही. कळणाऱ्याला दाखवा."

हवाईतल्या एका अपघाताबद्दलही त्याने त्याच दिवशी, परत येताना, सांगितलं. एप्रिल १९८८, अलोहा एअरलाइन्सचं छोटं बोइंग, जवळपास नव्वद हजार उड्डाणं झालेलं. हवेत असताना पुढच्या भागाचं छत साडेपाच मीटर उडून गेलं आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. विमान उतरलं, बाकीचे वाचले. नंतर एका प्रवाशाने सांगितलं की विमानात चढताना दरवाजाजवळ तिला तडा दिसला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं, का? तो म्हणाला, मामी, तुम्ही सांगितलं असतं का? रांगेत मागे माणसं उभी असताना?

आम्ही अध्यक्षांना पत्र लिहिलं. उत्तर तोंडी आलं. इमारत चाळीस वर्षं उभी आहे. आम्ही दुसरं पत्र लिहिलं आणि त्यात या जूनच्या फॉर्मवर आम्ही सही करणार नाही असं कळवलं. मग मात्र तालुक्याच्या गावाहून इंजिनिअर आले. हातोडीने तुळई ठोकत गेले. एका जागी आवाज बदलला. पुट्टी खरवडल्यावर भेग आमच्या समजुतीपेक्षा बरीच लांब निघाली. त्यांनी टाक्या त्याच दिवशी रिकाम्या करायला लावल्या, हॉल बंद केला, खालून लोखंडी टेकू दिले. दुरुस्तीचा खर्च ऐकून समितीच्या बैठकीत जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पालकांपैकी काहींना वाटतं की मास्तर लोकांनी विनाकारण मुलांचं पाणी तोडलं. एका आजींनी आम्हाला बाजारात थांबवून तसं सांगितलंही. मुलं आता घरून बाटल्या आणतात.

भाच्याचा फोन चोविसाव्या दिवशी आला. अँटेनाचा बदल ज्या कंपनीने केला होता तिच्याकडून कागद मागवले गेले. त्यात तपासणीचा आकडा होता, फक्त भाड्याने देणाऱ्याच्या फाइलमधून ती पानं निसटली होती. दरवाजाजवळच्या ठिगळाचं मात्र काहीच सापडलं नाही. म्हणून यंत्राने तपासलं. तडा नव्हता. आता नवं गणित करून तिथली मुदत ठरवतील, तोवर ठराविक उड्डाणांनी बघत राहायचं. त्याला कामावर परत बोलावलं, पण कागदपत्रांच्या विभागातून काढून रात्रपाळीला हँगरवर टाकलं. ही शिक्षा की बक्षीस, हे त्याला कळलेलं नाही. दुल्हाभाई म्हणाले, बघ, काहीच नव्हतं, उगाच एवढा तमाशा. आपा त्यांना काय बोलली ते आम्हाला माहीत नाही, पण फोन लवकर ठेवला तिने.

जाण्याआधी त्याने शाळेत एक काम करून दिलं होतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि दर सोमवारी बघायचं. इंजिनिअरांनीही ते ठेवायला सांगितलं आणि भेगेवर एक काचेची पट्टी चिकटवून दिली, भेग हलली तर काच तडकेल अशी. सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही शिडी लावतो. सातवीतली दोन मुलं शिडी धरायला येतात आणि तारीख ती मोठ्याने वाचतात. डाव्या टोकाची रेघ अजून टोकावरच आहे. उजव्या टोकाला गेल्या सोमवारी आम्हाला शंका आली, म्हणून भिंग मागवलं आहे.